नाव ऐकायचं राहिलं

कायानी, १४ नोव्हेंबर

प्रिय तूलिया,

अनेक आशीर्वाद. इथे बर्फ आता टिकायला लागलंय, गुडघा आहे तसाच आहे. बाळाची सर्दी गेली असेल.

तू पाठवलेला कॉम्प्युटर चालतो. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. चर्चमधलं बारसं मला त्यावर घरबसल्या थेट बघायचं होतं, पण बारशाच्या सकाळी तो चालत नव्हता.

माझाच आगाऊपणा, दुसरं काय! त्यातली आयती सिस्टीम मला नको होती. शाळेच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर वर्षानुवर्षं जी फुकटातली घालत आले, तीच आदल्या दिवशी यातही घातली. काम झालं, पेनड्राइव्ह काढून ठेवला. सकाळी कॉफी घेऊन बसले, बटण दाबलं, तर काळा पडदा आणि एक ओळ: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. म्हटलं, नव्या मशीनचा पहारा अनोळखी सिस्टीमला आत घेत नसेल. तो बंद केला. कुठून सुरू व्हायचं तो क्रम बदलला. पुन्हा तीच ओळ. शेवटी सगळं नव्याने घालावं म्हणून पेनड्राइव्ह खोचला, तर बाईसाहेब लगेच जाग्या. सिस्टीम सुरू करणारा तुकडा मी डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरच टाकला होता. याच चुकीवरून मी शाळेतल्या पोरांना फाडून खायची.

चर्चमधलं चित्र उघडलं तेव्हा एक माणूस खुर्च्या उचलत होता. मग तेही बंद झालं. पुन्हा बघायची सोय नव्हती.

तुझ्या सासूबाई पहिल्या रांगेत असतील. असू देत, तुमच्याच गावात, तुर्कूतच राहतात त्या. मला तू फोनवर विचारलंस, "आई, एवढा प्रवास झेपेल का तुला?" मी म्हटलं, "नाही आले तरी चालेल." तू म्हणालीस, "बरं, मग कॉम्प्युटर पाठवते." आपल्याकडे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही, हे काय मला ठाऊक नाही? पण बॅग मी भरून ठेवली होती, तूलिया. पोटच्या पोरीने एकदा नुसतं 'ये' म्हणायला काय हरकत होती? राग आला. अजून आहे.

संध्याकाळी तुझा मेसेज: "नाव ऐकलंस ना? कसं वाटलं?" बारशापर्यंत नाव गुपित ठेवायची रीत, म्हणून आधी मी विचारलं नव्हतं. आणि आता काय सांगायचं, मला कॉम्प्युटर सुरू करता आला नाही? मी लिहिलं, "छान आहे." तू लिहिलंस, "फक्त छान?" त्यानंतर तुझा फोन नाही.

शेजारची सिल्वी नातवाचं नाव विचारते. मी सांगते, लांबलचक आहे, तोंडात बसत नाही. हसते बिचारी.

तुझ्या त्या दोन शब्दांवरून मला एक संशय येतोय. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांचं नाव मी या घरात मोठ्याने घेतलेलं नाही. तू बाळाचं नाव त्यांचंच, ऑस्मो ठेवलं असशील, आणि त्यावर मी 'छान आहे' एवढंच म्हटलं असेन, तर मला तोंड दाखवायला जागा नाही. आणि दुसरंच काही असेल, तर हे पत्र फाडून टाक.

फोन करू नकोस, माझ्याच्याने बोलवणार नाही. लिहून कळव.

आपल्या नातवाला काय हाक मारायची हे ठाऊक नसलेली,
तुझी आई