फळ्यावरचं माप

बाई,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे, रविवारी दुपारी, खरकटी भांडी तशीच ठेवून. शाळेतही माझा गृहपाठ कधी वेळेवर नसायचा. कारण सांगते. माझी लेक अकरा वर्षांची आहे. परवा जेवताना ती म्हणाली, "आई, मीपण सोमवार धरू का वं?" शेजारच्या काकू बसलेल्या होत्या, त्या लगेच म्हणाल्या, किती गुणाची पोर! माझ्या हातातला पळा मात्र वरणात तसाच राहिला. पंधरा दिवस झाले, मी पाहते आहे. ती पोळीचे चिमणीच्या चोचीएवढे तुकडे करते आणि ताटात इकडून तिकडे सरकवत बसते. आम्हाला मात्र आग्रह करकरून वाढते. हे सगळं मला पाठ आहे, कारण तिच्याच वयात मी हेच केलं होतं, आणि ते सगळ्यांत आधी तुम्ही ओळखलं होतं.

सहावीत तुम्ही आम्हाला परकर शिवायला शिकवलात. नागपूरच्या महाल भागातली आमची मुलींची शाळा, आख्ख्या वर्गात शिवणाच्या दोन मशिनी. तुमची पद्धत अशी, की मुलींनी एकमेकींचं माप घ्यायचं, मोठ्याने ओरडून सांगायचं आणि तुम्ही ते फळ्यावर नावासमोर लिहायचं, म्हणजे कोणाला किती कापड लागेल ते सगळ्यांना एकदम शिकवता येई. माझ्या कमरेचा आकडा वर्गात सगळ्यांत मोठा निघाला. तो मी इथे लिहिणार नाही. वीस वर्षं उलटली तरी तेवढं धाडस अजून आलेलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "हिच्या परकरात तर आमी दोघी मावून जाऊ!" वर्ग हसला. तुम्हीही हसलात. तो फळा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणी पुसला नाही.

श्रावण तोंडावर होता. मी सोमवार धरला. मग गुरुवार, मग शनिवार, मग चतुर्थी आणि एकादशी. आमच्याकडे देवांना काही तोटा नव्हता. नुसतीच जेवत नसते तर आई घाबरली असती, पण उपासाला कोण घाबरणार? ती स्वतः लग्नाआधीपासून सोमवार करायची. तिने गल्लीभर सांगितलं, "एवढुशी पोरगी, पण तिचा नेम पहा." बायका म्हणायच्या, मूर्ती लहान पण कीर्ती महान. संध्याकाळी उपास सोडायची वेळ झाली की या महान कीर्तीचं पोट दुखायचं. साबुदाण्याची उसळ मी हौसेने शिकून घेतली, सगळ्यांना वाढायची आणि माझी वाटी घेऊन दारात जायची. गल्लीतल्या गायीने त्या वर्षी चांगलंच बाळसं धरलं होतं. हसू येतं आता, पण तेव्हा मला ताट समोर आलं की छातीत धडधडायचं. भुकेचं मला काही वाटत नव्हतं, भीती जेवणाची होती.

दिवाळीनंतर शिवलेला परकर घालून पाहायचा तास आला. नागपुरात थंडी अजून पडायची होती आणि मी स्वेटर घालून आले होते. नाडी कितीही आवळली तरी परकर थांबेना. तुम्ही पुन्हा टेप लावलीत. माझ्या जोडीदारणीने आकडा ओरडायला तोंड उघडलं तर तिच्यावर खेकसलात, "चूप!" मग माझे हात हातात घेतलेत, ते गार होते. हातांवरची नवी बारीक लव पाहिलीत. वेणी उचलून पाहिलीत, ती निम्मी राहिली होती. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला न खाऊनच खवखवत होतं. मी नजर चुकवली.

त्याच संध्याकाळी तुम्ही सायकलरिक्षा करून आमच्या घरी येता. आई लगबगीने चहा टाकते, चिवड्याची बशी पुढे करते. तुम्ही कशालाही हात लावत नाही.

"पोरीचे उपास बंद करा," तुम्ही म्हणता.

"काहून? देवाचं करून राहिली पोरगी. त्यात तुम्हाले काय खुपते?"

"तुम्ही सोमवारचा उपास सोडता, तेव्हा ताटाची वाट पाहता न? घास पोटात गेला की बरं वाटते. ही पोरगी ताटाले भिते. या दुखण्याचं नाव मले माहीत नाही, पण हे देवाचं नाही."

आईचा चेहरा लाल होतो. तिच्या इतक्या वर्षांच्या नेमालाच कोणीतरी हात घातला आहे. ती मला दाराआडून पुढे ओढते. "सांग वं, बाई म्हणतात ते खरं हाय का?"

तुम्ही दोघी माझ्याकडे बघता आहात. मी हो म्हटलं तर उद्यापासून रोज जेवावं लागणार, एवढं एकच मला कळतं. मी म्हणते, "नाही. बाईच मले जाड म्हणून हसतात. साऱ्या वर्गासमोर."

आई उठते आणि दार उघडून धरते.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत मोठ्या बाईंकडे गेली. मला बोलावलं, तुम्हालाही बोलावलं. "मुलीला हसलात का?" असं मोठ्या बाईंनी विचारलं. तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "चूक माझी आहे. तिला काही विचारू नका." मग आईकडे वळून म्हणालात, "पण तिले जेवू घाला." शिवणाचा तास तुमच्याकडून काढून घेतला. उन्हाळ्यात तुमची बदली काटोलच्या शाळेत झाली.

त्याआधीच, थंडीत, मी प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडले होते. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. आई दोन दिवस मला जेवताना बघत राहिली. सोमवारी सकाळी तिने वरणभात लावला, वर तूप घातलं, दोन ताटं घेतली आणि माझ्यासमोर बसून पहिला घास स्वतः खाल्ला. "त्या बाई खरं सांगून राहिल्या होत्या," ती म्हणाली. "मी सोडला माझा सोमवार. आता तू खाय." मी रडत रडत चार घास खाल्ले. पुरतं बरं व्हायला दोन वर्षं गेली, मधे पुन्हा पुन्हा घसरलेही. पण आईने तो सोमवार मरेपर्यंत पुन्हा धरला नाही.

लेकीला मी रागावले नाही. काकू गेल्यावर जवळ घेऊन विचारलं, शाळेत कोणी काही म्हणालं का? बराच वेळ ती फ्रॉकची शिवण उसवत बसली. मग म्हणाली, "सगळ्यांची वजनं केली. ओरडून सांगितली." उद्या सोमवार आहे. सकाळी वरणभात लावणार आहे आणि माझंही ताट घेणार आहे. मग तिला डॉक्टरकडे नेणार, आणि नुसतं टॉनिक घेऊन परत येणार नाही. शाळेतही जाईन. मला भीती वाटते आहे, बाई. ती माझ्यासारखीच खोटं बोलली तर मला कळेल का?

कारण वर मी लिहिलं आहे, की वर्ग हसला आणि तुम्हीही हसलात. तुम्ही हसला नव्हतात. फळ्याकडे तोंड करून लिहीत होतात. आमच्या दारातून निघताना किंवा मोठ्या बाईंसमोर तुम्ही एका शब्दाने ते खोडू शकला असतात. मी मात्र ते पुढे इतक्यांदा सांगितलं, की आज पेनातूनही आधी तेच उतरलं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, शिवणाच्या डब्यातच ठेवणार आहे, तरीसुद्धा.

तुम्ही हयात असताना आईने एकदा विचारलं होतं, काटोलला जाऊन त्या बाईंची माफी मागून येऊ का. मी म्हणाले, संत्र्याच्या दिवसांत त्या बसला फार गर्दी असते.