तीनशे ग्रेनची गोळी आणि नागपूरचं ऊन

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण काही मिटलेलं नाही. विषय तोच, आफ्रिकेतला रानरेडा. गाडी चालवताना, भांडी घासताना मी अजून तुम्हाला मुद्दे पटवून देत असते, आणि तुम्ही अजून ऐकत नाही. म्हटलं, मनातल्या मनात किती भांडायचं, एकदा लिहूनच काढू. मराठीत लिहिते आहे. शाळेत मराठी चौथीपर्यंतच झालं, त्यामुळे चुका होतील, पण तुमच्यावर इंग्रजीत नीट चिडता येत नाही.

ऑफिसातल्या तुमच्या मित्राने झिम्बाब्वेला शिकारीला चला म्हटलं आणि ऐंशीच्या दशकातला आमचा तो अख्खा हिवाळा त्यात गेला. इकडच्या बर्फात ईडन प्रेरीच्या घराचं तळघर गारठलेलं, म्हणून काडतुसं भरायचं तुमचं सगळं सामान स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. शनिवारी सकाळी शेगडी बंद, पंखा बंद, आईने फोडणीचं नावही काढायचं नाही. बंदुकीची दारू उघडी असताना शेगडी पेटवायची नाही हे मला कळत होतं, पण तुम्ही आम्हाला शिंकूसुद्धा देत नव्हता, तराजूचा काटा हलतो म्हणून. आई ब्रेडला जॅम लावत म्हणायची, "अहो, त्या रेड्याला मारायच्या आधी आम्हीच उपाशी मरू." तुम्ही मान वर न करता म्हणायचे, "अगं, एक ग्रेन म्हणजे किती माहितीय का तुला? तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढं वजन. चूक करून चालत नाही." मी शेजारी बसून काडतुसांच्या पितळी, रिकाम्या केसेस फडक्याने पुसते आहे, उजेडात धरून आत बघते आहे, तुमच्यापुढे ओळीने मांडते आहे. ते काम मी जीव लावून करायचे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि तुम्ही मला बरोबर न्यायचं कबूल केलं होतं.

गोळीच्या वजनावर तुम्ही किती महिने काढले. दोनशे सत्तर ग्रेनची घ्यावी की तीनशेची? हलकी गोळी जरा वेगाने, सरळ जाते, लांबच्या हरणाला बरी. जड गोळी सावकाश जाते, पण रेड्याच्या खांद्याच्या हाडातून आरपार शिरते. मऊ टोकाची की सॉलिड? मऊ टोकाची गोळी आत शिरून फुलते, सॉलिड फुलत नाही, खोल जाते. तुम्ही जेवताना यावर बोलायचे, गणपतीच्या आरतीला आलेल्या काकांना कोपऱ्यात गाठून बोलायचे. शेवटी ठरलं. सगळ्यासाठी तीनशेच, रेड्याला सॉलिड आणि बाकीच्यांना मऊ, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीचा नेम पुन्हा जुळवायला नको. निर्णय उत्तम होता. त्यावर माझं काहीच म्हणणं नाही, तेव्हाही नव्हतं.

म्हणणं होतं ते दारूबद्दल. जानेवारीत, नाकातले केस गोठतील अशा थंडीत, आपण नेमबाजीच्या रेंजवर गेलो. गोळीचा वेग मोजायचं यंत्र तुम्ही उसनं आणलं होतं, आणि वेग कमी भरत होता. भरणारच, गारठलेली दारू मंद जळते. तुम्ही घरी येऊन दारू थोडी वाढवली. पुन्हा रेंज, पुन्हा थोडी वाढवली. मी दारूच्या डब्याबरोबर आलेलं पुस्तक वाचलं होतं. गाडीत म्हटलं, "बाबा, इट्स गोइंग टु बी हॉट देअर. द प्रेशर विल गो अप. लेट्स टेस्ट अगेन इन जुलै." तुम्ही स्टिअरिंगवरून नजर न हलवता म्हणालात, "काय सांगून राहिली तू मला? नागपूरचा आहे मी. ऊन मला शिकवू नको." मी म्हटलं, "नॉट यू, बाबा. द पावडर." तुम्ही रेडिओ लावलात. आणि नोकरी तुमची कसली, तर थर्मोस्टॅट बनवायची. घराघरात तापमान किती असावं हे ठरवायचा पगार घेणारा माणूस. सांगा, मी चिडू नको तर काय करू?

ऑक्टोबरमध्ये तिथे पोचलो तेव्हा खरंच नागपूरचा मे होता. तुम्ही खूश झालात. डोक्याला ओलं उपरणं, खिशात लू लागू नये म्हणून कांदा, बाटलीत साखर-मीठ-लिंबाचं पाणी. मला दर तासाला पाणी पाजत होता, गोऱ्या मार्गदर्शक शिकाऱ्याला खिशातला कांदा काढून दाखवत होता. उन्हाचा एवढा बंदोबस्त केलात, आणि काडतुसांची पेटी सकाळपासून जीपच्या बॉनेटवर ठेवलीत. लोखंडाला हात लावला तर भाजत होता. मी पेटी उचलून सावलीत ठेवली, तुम्ही ती परत हाताशी आणलीत.

पहिली गोळी बरोबर बसली. रेडा हादरला, वळला आणि आपल्याकडे आला. तुम्ही पुढची गोळी चढवायला बंदुकीचा बोल्ट उचलायला गेलात, तो हलेना. तापलेल्या दारूचा दाब वाढून रिकामी केस फुगली आणि आत घट्ट बसली होती. तुम्ही तळहाताने बोल्टवर ठोसे मारताय, तोंडाने आईचं नाव घेताय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. शिकाऱ्याने झाडलेल्या दोन गोळ्यांनी रेडा पडला, इतका जवळ की त्याच्या नाकातला फेस दिसत होता. तुम्ही कपाळावर हात मारलात, माझ्याकडे बोट केलंत आणि शिकाऱ्याला म्हणालात, "माय डॉटर. शी डिडन्ट क्लीन द केसेस प्रॉपर्ली."

तेवढ्यावर थांबला असता तर घाबरून बोलला म्हणून मी सोडून दिलं असतं. पण नंतर दर पॉटलकला, सगळे आपापला पदार्थ घेऊन जमायचे तिथे, दर दिवाळीला ती गोष्ट. काका लोक टाळ्या देऊन हसायचे, काकू म्हणायच्या, "बापाच्या जिवावर उठली होतीस की गं." मी ढोकळ्याची प्लेट धरून उभी. आणि तुम्हाला माहीत होतं, बाबा. परत आल्यावर एका रविवारी तुम्ही घरी उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या एकेक उपसून दारू कमी करत होता. मी विचारलं, "व्हाय आर यू डूइंग दॅट?" तुम्ही म्हणालात, "असंच. रविवार आहे, काही काम नाही." त्याच संध्याकाळी आपण कोणाकडे तरी जेवायला गेलो आणि तिथे तुम्ही पुन्हा केसेसची गोष्ट सांगितली. "बरोबर होतं गं तुझं" एवढं एकदा म्हणायला काय जात होतं? शेवटी हॉस्पिटलमध्ये तुमच्या उशाशी मी त्यासाठीच थांबायचे, आणि तुम्ही मला बर्फ पडतोय का ते विचारायचे.

आता हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक कबूल करते. गेल्या आठवड्यात तुमचा नातू होणाऱ्या बायकोला जेवायला घेऊन आला होता. म्हणाला, "मॉम, टेल हर द बफलो स्टोरी." इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होते. मध्ये तोंड घालायला तुम्ही नाही, काका नाहीत, गोष्ट एकट्या माझी. मी सगळं सांगितलं, थंडी, रेंज, कांदा. बोल्ट अडकला इथपर्यंत आले, आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "आय हॅडन्ट क्लीन्ड द केसेस प्रॉपर्ली." दोघं पोट धरून हसली. "पुअर आजोबा," तो म्हणाला. दुरुस्त करायला वेळ होता, मी केलं नाही. राग गेला म्हणून नव्हे, तो आहे तसाच आहे. पण खरं सांगितलं असतं, तर त्या टेबलाशी तुमची बाजू घ्यायला कोणी नव्हतं.