चावलेली गोळी

अयोध्या नगर, भोपाळ
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

प्रिय लीलाताईस,

तुझ्या विमलचा वाकून नमस्कार. पाकिटात हलव्याचे चार दाणे घातले आहेत. टपालात त्यांचा भुगा झाला असेल, तर भुगाच गोड मानून घे. गोड बोल असं म्हणायचा हक्क मला आहे की नाही, ते हे पत्र संपल्यावर तूच ठरव.

इकडे थंडी कडाक्याची आहे. आमचे हे रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी कारखान्याच्या भोंग्यालाच उठतात. सून मधुरा शाळेत मुलांना शिकवते आणि घरी आली की आम्हां दोघांना. माझे गुडघे आता तुझ्या गुडघ्यांसारखेच बोलायला लागलेत.

मधुरानेच माझं रक्त तपासून घेतलं. चरबी वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, मछली खाती हैं? खाने में ही मिल जाए तो सबसे बढ़िया." मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "नहीं डॉक्टर साहब, हम लोग प्योर व्हेज हैं." हम लोग! ताई, रेवदंड्याच्या बाजारात नुसत्या वासावरून बोंबील आजचा की कालचा ते सांगणारी मी, एकेचाळीस वर्षांत त्या 'हम लोग'मध्ये विरघळून गेले. मी मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, मग माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घ्या, आणि तळलेलं कमी करा.

मला वाटलं, घरी आता रणकंदन होणार. पण ह्यांनी दोन दिवस विचार करून निकाल दिला, "औषधाला विटाळ नसतो." फक्त बाटली स्वयंपाकघरात नको. तिथे सासूबाईंचा फोटो आहे ना! तेव्हा बाटली गेली गॅलरीत, चपलांच्या कपाटावर, बूटपॉलिशच्या डबीशेजारी. रोज नाश्ता झाला की हे स्वतः गॅलरीत जातात, एक गोळी माझ्या तळहातावर ठेवतात आणि पाण्याचा पेला धरून उभे राहतात. मी गिळते, चूळ भरते आणि मग घरात येते. लग्नात ज्यांनी एकच अट घातली होती, की घरात मासळी शिजणार नाही आणि तू बाहेरही खाणार नाहीस, तेच आता रोज मासळी माझ्या हातावर ठेवतात. हसू येतं ना? मलाही यायचं.

मग एक दिवस मी गोळी गिळली नाही. चावली.

का चावली ते विचारू नकोस. त्या तेलाचं आपल्या बोंबलाशी दूरचंही नातं नाही. खवट, कडसर, जिभेवर चिकटून राहणारं. पण त्या घाणेरड्या चवीच्या तळाशी कुठेतरी आपली ओटी होती, वाळत टाकलेली मासळी होती, कावळे हाकायला काठी घेऊन बसलेली तू होतीस. त्या दिवसापासून मी रोज चावते आहे. ह्यांनी पाठ फिरवली की चावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

सोळा वर्षांपूर्वी तू इथे आलीस, तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुकवलेल्या कोलंबीचे सोडे घेऊन आलीस. सासूबाईंना वास आला. त्यांनी डबा ओट्यावरून खाली ठेवला आणि विचारलं, "हे कोणी आणायला सांगितलं?" मी म्हणाले, "मी नाही. मला तर आता वाससुद्धा सहन होत नाही. ताईला किती वेळा सांगितलं, पण ती ऐकतच नाही."

ताई, माझं पत्र तेव्हा तुझ्या पर्समध्ये होतं. "मूठभर तरी सोडे आण गं, वांग्यात घालून एकदा खाईन, हे सगळे लग्नाला उज्जैनला जाणार आहेत" असं मी माझ्या हाताने लिहिलेलं. तू ते काढून दाखवू शकली असतीस. तू पर्सची चेन नुसती ओढून घेतलीस आणि म्हणालीस, "चुकलंच माझं." चार दिवसांसाठी आलेली तू, दुसऱ्याच दिवशी गेलीस.

डबा टाकायला मलाच पाठवलं होतं. मी टाकला, पण मूठभर सोडे रुमालात बांधून शिलाई मशीनच्या खणात ठेवले. खाल्ले नाहीत. वर्षभर खण उघडून नुसता वास घेत होते. शेवटी त्यांना कीड लागली.

गेल्या गुरुवारी ह्यांनी मला चावताना पकडलं. "अगं, गिळायची असते ती!" म्हणाले. मी रडायला लागले. त्यांना वाटलं, कडू लागली. बिचारे धावत जाऊन साखर घेऊन आले. त्या साखरेनेच माझा बांध फुटला. तिथेच, चपलांच्या कपाटाशी, सगळं सांगून टाकलं. सोडे मीच मागवले होते, ताईचा काही दोष नव्हता.

हातातली साखर त्यांनी कपाटावर ठेवली. मग म्हणाले, "आणि मी सोळा वर्षं त्यांनाच हट्टी म्हणत आलो." संध्याकाळी त्यांनी पंचांग बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "जाऊन ये त्यांच्याकडे. मी डाळ-भात करून घेईन. तिथे काय जेवलीस ते आल्यावर सांग. खोटं मात्र सांगू नकोस."

त्यांची परवानगी मिळाली म्हणून मी येऊ शकत नाही, ताई. मला तुझी हवी आहे. माझं वय सदुसष्ट, तुझं चौऱ्याहत्तर. तुझ्या हातचं वांगं-सोडे मला खायचं आहे, पण त्याआधी तुझ्यासमोर बसायचं आहे. तू ताट वाढलं नाहीस तरी बसेन.

पूर्वी तुझं प्रत्येक पत्र 'आज बाजारात' इथूनच सुरू व्हायचं. आज बाजारात जिताडा आला, आज नुसती मांदेली. त्या दिवसापासून तू फक्त दिवाळीला फोन करतेस, तब्येत विचारतेस आणि ठेवतेस. मासळीचं नावही काढत नाहीस.

माफ केलंस असं लिहू नकोस. लिहिलंस तर एकच ओळ लिही, आज बाजारात काय आलं होतं. तेवढ्यावर मी तिकीट काढीन.

तुझी,
सोडे मागवणारी
विमल