दातखिळीची आवई

।। श्री ।।
मखमलाबाद, नाशिक
६ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
भाग्यश्रीचा सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कमी बोलायला सांगितलंय. कानापुढचा जबड्याचा सांधा दुखतो, तोंड उघडताना कटकन वाजतो. मी झोपेत दात खाते म्हणे. बोलता आलं असतं तरी मनातलं बोलले नसते. आमची आणि काकूची भिंत एकच, आणि काकूचा कान कायम भिंतीला.

वणीचं स्थळ का मोडलं ते आता कळलं. दसऱ्याच्या माळा ओवताना मला जांभई आली आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आईनं चोळून हळूहळू मिटवलं. उज्वला काकू समोरच बसलेली. तिनं वणीला जाऊन मुलाच्या आईला, नवसाबाईंना सांगितलं की पोरीची दातखिळी बसते, फिटा येतात, घरचे लपवतात. मार्केटात वणीच्याच एका बाईनं आईला हे सांगितलं. आणि परवा काकू पेढे घेऊन आली. मुलगा तोच सार्थक, मुलगी तिची निकिता. लग्न अकरा मेला.

सार्थकचं मला फार वाटत नाही, एकदाच तर भेटलो होतो. पण आता कुठलंही स्थळ आलं की आधी फिटांची चौकशी करतं. काकूला मी सोडणार नाही, मावशी. ती दिसली की दात आपोआप आवळतात आणि मग रात्रभर कान ठणकतो. घरचा काही उपाय असेल तर कळव.

माया आहे ती असू दे, आणि हे पत्र कोणाला दाखवू नकोस.

तुझी,
भाग्यश्री


मालेगाव
१२ एप्रिल २०२५

चि. भाग्यश्रीस,
चंद्रभागा मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझ्याच दाढा आवळल्या. तुझी काकू तुझ्या आईला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहते. पण आधी जबडा.

गरम पाण्यात फडकं पिळून सकाळ-संध्याकाळ दोन्ही कानांपुढे शेक दे, मग बोटांनी हलकं चोळ. भाकरी दुधात कुस्करून खा, नाहीतर मऊ खिचडी. ऊस, फुटाणे, सुपारी बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धर. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला, असं बसायची सवय लाव. आणि माळ ओवताना दोरा दातात धरतेस, दातानंच तोडतेस, ते पहिलं सोड. दोरा पायाच्या अंगठ्यात अडकव, कात्री जवळ ठेव. तुझी आईही तेच करते, तिला माझ्या नावानं दोन शब्द सुनाव.

आता काकूचं. भांडायला जाऊ नकोस, लोक म्हणतील स्थळ गेलं म्हणून जळते. विहिणीच्या पंगतीला गाणी म्हणायला तुला बोलावतीलच, भाऊबंदात तुझ्यासारखा गळा कोणाचा नाही. वरमाय पहिला घास घेईपर्यंत मुलीकडच्या बायांनी काहीही गावं, नाव घेऊन टोचावं, रागवायचं कोणी नाही, ही आपली रीत. तू नवसाबाईंच्या समोर बसून तोंड भरून गा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मात्र त्या वेळी जबडा अडकला तर काकूचंच खरं होईल. म्हणून तोवर राग गिळ आणि दात सुटे ठेव.

शेक चुकवलास तर आशीर्वाद परत मागवीन.

तुझी मावशी


मखमलाबाद, नाशिक
८ जून २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. आणि बातमी वि. वि.

पंगतीच्या सकाळी जबडा पुन्हा धरला होता. मी दोनदा शेक घेतला आणि पेजेवर राहिले. काकूनं स्वतः येऊन मला पुढं बसवलं, पाहुण्यांत मिरवायला गळा हवा होता तिला. चार गाणी रोजची म्हटली आणि मग माझं लावलं:

घास घ्या हो विहीणबाई, पुरणपोळीवर तूप,
दातखिळीच्या पोरीचा गळा ऐका खूप.
फिटा मला कोणी दिल्या, वणीला कोण गेलं?
त्याच घरचं लेकरू तुम्ही सून करून नेलं.

हसणाऱ्या बाया नवसाबाईंकडे बघायला लागल्या. निकिताकडे मी बघितलंच नाही, बघितलं असतं तर सूर हलला असता. नवसाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि काकूला विचारलं की फिटा येणारी ती हीच का. काकू म्हणाली, गाण्यातलं काय मनावर घ्यायचं. नवसाबाई जेवल्या, पण काकूशी बोलल्या नाहीत.

खरी गंमत पुढं. गेल्या रविवारी काकू आमच्या दारात, अंगावर लग्नातली पैठणी. नवसाबाईंनी सार्थकच्या धाकट्या भावासाठी, दीपकसाठी, मला मागणी घातली आहे, आणि निरोप काकूनंच न्यायचा अशी ताकीद आहे. नाही जमलं तर निकिताला त्या घरात सुखानं राहता यायचं नाही, असंही तिनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. मी चहा केला. माझी तब्येत ठीक आहे ना, असं शांतपणे विचारलं. आईसमोर, आमच्या दादांसमोर तिला म्हणावं लागलं की पोरीला काही नाही, कधीच नव्हतं.

मग मी नाही म्हणाले.

खोटं कशाला सांगू, लग्नात पाहिला तेव्हा दीपक मला वाईट वाटला नव्हता. आई रात्री रडली, म्हणाली, सूड घेताना स्वतःचंच ताट लाथाडलंस. निकिताचा विचार मनात येतो तेव्हा मलाही घास गोड लागत नाही. पण काकूचा तो चेहरा मी पुन्हा पाहायला तयार आहे.

जाताना तिनं विचारलं, तिकडं काय सांगू. मी म्हटलं, जे झालं तेच सांगा. तशी ती खालीच बसली. नवसाबाईंना वाटणार, हिनंच पुन्हा मोडता घातला. आयुष्यात एकदा काकू वणीला जाऊन खरं बोलेल, आणि ते कोणी मानणार नाही.

रागावायचं असेल तर रागाव, पण पत्र पाठव.

तुझ्या मायेतली,
भाग्यश्री