कानाची सावड

कवठे येमाई, ता. शिरूर
११ फेब्रुवारी २०२४

चि. साहेबू यास,
जाईअक्काचा जयभीम आन् आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला. कांदा काढणीला आलाय, तवा लिहायला हात मोकळा सापडला न्हाई. तेजश्री म्हणती, आजी, व्हाट्सअपवर लिही की, लगेच पोचतं. माझी बोटं त्या काचेवरनं घसरत्यात. पत्र बरं. तुझ्या रेल्वेच्या नोकरीपासनं आपण पत्रंच लिहितोय, आता नातीसाठी काय मोडायचं.

आता कामाचं. तेजश्री शिरूरला नर्सिंग शिकती, तिथल्या भिंतीवर एक कागद लागलाय. दौंड तालुक्यातल्या साठीच्या पुढच्या, कमी ऐकू येणाऱ्या माणसांसाठी एक आरोग्याचा अभ्यास निघालाय. कान तपासणार, मशीन देणार, आन् बघणार की ऐकू आल्यावर म्हातारं माणूस चारचौघांत बसायला लागतंय का. तुझ्या खुटबावला त्यांची गाडी येणार हाय. ज्यानं त्यानं आपण होऊन नाव द्यायचं, बळजबरी न्हाई.

तू म्हणशील, प्रयोग करायला मी काय उंदीर हाय का. माझी सगळी नोकरी अंगणवाडीत पोरांची वजनं करण्यात गेली. बाया म्हणायच्या, वजन केल्यानं पोर वाळतं. पण त्याच वजनांवरनं कळलं ना, कुठल्या पोराला काय कमी पडतंय. कुणाला तरी काट्यावर बसावं लागतं, बाबा. तू बस.

माझी तब्येत ठीक. घशात जरा अडकल्यासारखं होतंय, थंडीचं असंल.

माया हाय तशीच वापरात ठेव, गंज चढू देऊ नको.
तुझी,
जाईअक्का


खुटबाव, ता. दौंड
३ मार्च २०२४

ति. जाईअक्कास,
साहेबूचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझा हुकूम पाळला. शाळेपाशी गाडी आली, तवा शेजारच्या बापूसाहेबांना घेऊन गेलो. त्यांचे कान ट्रॅक्टरनं खाल्ले, माझे लोकोशेडमधल्या इंजिनांनी. मोनाली नावाची पोरगी होती. तिनं सगळं मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, आन् मधेच कधीही सोडून जाता येतं, हे पुन्हा पुन्हा सांगितलं.

मग कानाला डबडं लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. पोरगी एवढी मेहनत करती आन् आपण काहीच ऐकू न्हाई म्हणायचं, मला लाज वाटली. म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघून अधनंमधनं दाबत राहिलो. तिनं वळखलं. मला भिंतीकडं तोंड करून बसवलं आन् पुन्हा पहिल्यापासनं घेतलं. बापूसाहेब हसून हसून बेजार.

पण अक्का, मशीन आत्ता न्हाई. त्यांनी सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांना आत्ता, निम्म्यांना सहा-सात महिन्यांनी. दोघांची तुलना करायची, हेच अभ्यासाचं काम. बापूसाहेबांचं नाव पहिल्यात निघालं, माझं मागच्यात. पुण्याहून पूर्वी आणलेलं यंत्र नुसतं शिट्ट्या मारायचं, ते डब्यात पडून हाय, आन् चांगलं विकत घ्यायची ऐपत न्हाई. थांबतो.

त्या गाडीत आवाज शोधत बसल्यावर जातं आठवलं. एका अंगाला आई, समोर तू, आन् मधी मी, खुंट्याला हात लावल्यासारखं करून झोपणारा. आईचा आवाज घोगरा, धुरानं भरलेला, जात्याच्या घरघरीत मिसळून जायचा. तुझा बारीक, वरनं तरंगायचा. ओवी अजून पाठ हाय:

सरलं दळण, सुपात उरलं दाणं,
साहेबू माझा बाळ, भीमाचं शिकतो गाणं.

शब्द हायत, पण आईचा आवाज डोक्यातनं गेला. किती आठवला तरी येत न्हाई. कान बंद झाले तसा तो आतून बी बंद झाला. म्हणून मशीन आली की पहिल्यांदा तुझ्या तोंडनं ही ओवी ऐकायची, एवढंच मनात धरलंय.

ह्या बहिऱ्यावर आजवर लोभ केलास, पुढंबी आटू देऊ नको.
तुझा,
साहेबू


कवठे येमाई
२० मार्च २०२४

ति. आजोबांस,
तेजश्रीचा सविनय जयभीम. वि. वि.

आजीला न सांगता लिहितेय. तिच्या घशातली गोष्ट थंडीची नाही. पुण्याला नेऊन तपासण्या केल्या. थायरॉइडची गाठ आहे, वाईट नाही, पण मोठी होऊन श्वासनळीवर दाबायला लागली आहे. रात्री उशाला दोन उशा घेऊन बसल्यासारखी झोपते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन एप्रिलअखेर करून टाका, थांबू नका. आवाजाची नस त्या गाठीला चिकटून आहे. नंतर आवाज घोगरा होऊ शकतो, हेही त्यांनी आधीच सांगितलं.

आजीनं ऑपरेशन दिवाळीनंतर ढकललंय. का, ते तुम्हाला कळलंच असेल. म्हणते, माझ्या भावाला मशीन येईस्तोवर हा गळा कुणाला कापू देणार नाही. मी रडले, भांडले, काही उपयोग नाही. ती फक्त तुमचं ऐकते.

मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करू म्हटलं, तर म्हणते, मोबाइल काय समोर बसून दळतो का.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या, आत्ता त्याची फार गरज आहे.
आपली नात,
तेजश्री


खुटबाव
७ एप्रिल २०२४

ति. जाईअक्कास,
साहेबूचा जयभीम. वि. वि.

तुझी नात चुगलखोर हाय, तिचं कल्याण होवो. सगळं कळलं.

पहिल्यांदा माझा गाढवपणा ऐक. तेजश्रीचं पत्र मी बापूसाहेबांना दाखवलं. त्यांनी वाचलं, आन् कानातली मशीन काढून धोतराच्या सोग्यानं पुसून माझ्या कानात घातली. म्हणाले, सावड करू. रानात कशी, आज तुमच्याकडं माणसं, उद्या आमच्याकडं, तशी. सकाळी त्यांचे कान, संध्याकाळी माझे. अक्का, मी ह्या गावात नवा आलो तवा ह्यांच्याच घराच्या ओट्यावर मला दांडी तुटलेल्या कपात चहा मिळायचा आन् तो कप मीच विसळून पालथा घालायचा. त्या घरातला माणूस स्वतःच्या कानातलं काढून माझ्या कानात घालत होता. मला न्हाई म्हणवलं न्हाई.

त्यांच्या कानाच्या मापाचं असल्यानं ते मधनंच कुईकुई करायचं, पण ऐकू आलं. रेल्वेचा भोंगा आला. तुझ्या भावजयीच्या बांगड्या ऐकू आल्या. ती चुलीपाशी पुटपुटत मला काय काय बोलती, तेबी कळलं. हे इतकी वर्षं चाललंय म्हणं. रविवारी मशीन घालून तुझ्याकडं यायचं पक्कं केलं होतं.

शुक्रवारी मोनाली आली. तिनं मशीन कॉम्प्युटरला जोडली आन् बापूसाहेबांचं कौतुक केलं, की तुम्ही दिवसभर वापरता, रात्रीपर्यंत वापरता. बापूसाहेबांनी छाती फुगवून सांगितलं, एकट्यानं न्हाई पोरी, आम्ही सावडीनं वापरतो. ती खालीच बसली.

रागावली न्हाई. तिनं पाटीवर लिहून सांगितलं, दोन वाफे आखले, एकाला खत टाकलं, एकाला न्हाई. ह्या वाफ्यातलं खत त्या वाफ्यात उचलून टाकलं, तर खतानं काय केलं हे कुणाला कळणार? बापूसाहेबांनी कपाळावर हात मारला. मी तिला तुझ्या गळ्याचं सांगितलं, तेजश्रीचं पत्रच हातात दिलं. वाचताना तिचे डोळे भरले. तिनं मोठ्या डॉक्टरांना विचारलं. आमची नावं राहणार, झालं तसं लिहून ठेवणार, पण उसनवारी बंद आन् माझी पाळी लवकर येणार न्हाई. बरोबर हाय तिचं. ह्या तुलनेवर पुढं किती गावांतल्या म्हाताऱ्यांना मशीन मिळायची ते ठरणार हाय. काट्यावर बस म्हणून तूच सांगितलंस. आता काट्यावर हात ठेवून वजन कसं वाढवू?

म्हणून हात जोडून सांगतो, माझ्यासाठी थांबू नको. आवाज गेला तर गेला. आईचा गेला तरी मी जगलो. तू गेलीस तर मला हाक मारणारं कुणी राहणार न्हाई, मग कान येऊन काय करायचे? एप्रिलात ऑपरेशन कर. न्हाई केलंस तर मी अभ्यासातनं नाव काढून घेतो आन् जन्मभर बहिरा राहतो. मी तुझाच भाऊ हाय, हट्ट मलाबी येतो.

लोभ राख, आन् तो ठेवायला आधी स्वतःला राख.
तुझा,
साहेबू


कवठे येमाई
२१ एप्रिल २०२४

चि. साहेबू यास,
जयभीम, आशीर्वाद, आन् एक धपाटा. वि. वि.

धमकी देतोस व्हय मला? लहानपणी दळताना झोपायचास तवा मी एकदाबी आईला सांगितलं न्हाई, त्याची ही परतफेड.

बरं, जाते. सोमवारी भरती व्हायचंय.

जयंतीला विहारात गायले. बायांनी पुढं ढकललं. गाताना दम लागत होता, तरी सोडलं न्हाई. दुसऱ्या दिवशी तेजश्रीनं दारातलं जातं धुतलं. तिच्या मोबाइलचं चार्जिंग त्याच्यावरच चालायचं, ते काढलं. मूठभर ज्वारी घातली आन् माझ्यासमोर स्वतः खुंट्याला हात लावून बसली. म्हणाली, आता समोर कुणीतरी हाय ना, गा. मी गायले. तिनं मोबाइलात घेतलंय. ते तुझं हाय, मशीन आली की ऐक.

बापूसाहेबांना माझा जयभीम सांग. त्या कपाचं मी विसरणार न्हाई, पण त्यांच्या सोग्याचंबी विसरणार न्हाई.

भीती वाटती रे. हे तेजश्रीला सांगू नको.

माया तिकडंच ठेवलीय, परत आले की मागून घेईन.
तुझी,
जाईअक्का


कवठे येमाई
९ जून २०२४

चि. साहेबू यास,
जयभीम, आशीर्वाद. वि. वि.

गाठ काढली, वाईट काही निघालं न्हाई. आडवी झोपती आता. मे महिन्यात येऊन गेलास, हात धरून बसलास, बरं वाटलं. तुला ऐकू येत न्हाई याचं त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. आवाज घोगरा झालाय, घमेलं फरशीवर ओढावं तसा. आता असाच राहणार म्हणं. मशीन आली की मोबाइलातलंच ऐक, मला फोन करू नको. तुझ्या कानात माझा जुना आवाज हाय तोच राहू दे.

एवढं ऐक, आन् लोभ कमी करू नको.
जाईअक्का


खुटबाव
६ ऑक्टोबर २०२४

ति. जाईअक्कास,
साहेबूचा साष्टांग जयभीम. वि. वि.

काल सांजच्याला तुला एक फोन आला असंल. तू दोनदा 'कोण हाय?' म्हणालीस, आन् समोरच्यानं न बोलताच ठेवला. तो मी होतो. रागावू नको आन् भलतं मनात आणू नको, म्हणून रातोरात लिहितोय.

काल माझी पाळी आली. मोनालीनं माझ्या कानाच्या मापाची मशीन बसवली, शिट्टी न्हाई, काही न्हाई. बापूसाहेब माझ्या मागं जाऊन मला शिव्या देऊन बघत होते, मी त्यांना परत दिल्या. मोनालीनं विचारलं, पहिल्यांदा काय ऐकणार. तेजश्रीनं पाठवलेलं रेकॉर्डिंग नातवानं काढून ठेवलं होतं. पण तू नको म्हणालीस ना, म्हणून मी आधी तुलाच फोन लावला. लहानपणापासनं तुझं ऐकलेलं मला मानवत न्हाई.

तू बोललीस. मला आधी वाटलं, मशीन बिघडली. मग मी तिथंच ओट्यावर बसलो. अक्का, तो तुझा आवाज न्हवता. जात्यापाशी बसून 'साहेबू, झोपलास काय रं' म्हणणाऱ्या आपल्या आईचा होता. तोच धूर, तीच घरघर. इतकी वर्षं डोकं खाजवून जो येईना, तो तू दोन शब्दांत आणून दिलास. मला रडू आवरंना, म्हणून फोन ठेवला.

मोबाइलातलं अजून ऐकलेलं न्हाई. ते कुठं जात न्हाई. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. जात्यावरचं चार्जिंग काढून ठेव आन् ज्वारी निवडून ठेव. तू आईच्या जागी बस. मी समोर बसतो, आन् ह्या बारीला झोपणार न्हाई.

तुझ्या मायेची उसनवारी बंद करू नको, तेवढी मोनाली चालवून घेईल.
तुझा,
साहेबू