सखूबाईच्या हातचं बोंडलं

हसनाबाद, सोमवार, ३ जानेवारी १९७७

आज चिडलेय, आणि कारण लिहायचीही लाज वाटते. शकिलाचं सातव्या महिन्यात झालेलं पोर आता डोळे उघडून बघतं. त्याला ओढून प्यायची ताकद नाही, म्हणून आईचं दूध पिळून बोंडल्याच्या चोचीतून थेंब थेंब पाजायचं, हे सखूदाईला मीच शिकवलं. बोंडलं उकळायलाही मीच लावलं. आधी ती पदरानं पुसायची!

आज मी पाजायला घेतलं, तर पोरानं तोंडच मिटून घेतलं. शकिलाची सासू म्हणाली, "रहने दो, नर्सबाई. सखूच्या हातानं बराबर पिऊन राह्यलं."

सखूनं बोंडलं घेतलं, त्याच्या गालाला हळूच बोट लावलं. लगेच प्यायला लागलं! ते बोट लावायचं मला ट्रेनिंगमध्ये कुणी का नाही सांगितलं?

सगळे सखूकडे बघत होते, मी बोंडल्याकडे. आणि मनात आलं, ह्याला ठसका लागावा. एकच, छोटासा. मग हाक मलाच मारतील.

ठसका लागला नाही. मी निघाले तेव्हा सखू सासूला सांगत होती, "मला ह्या बाईनंच शिकवलं."

तेवढं तरी तिनं म्हणायला नको होतं.