उसवलेलं आणि विरलेलं

ता. ३ मार्च

ती. आक्कास,
प्रभूत सलाम. वि. वि.

प्रकृती ठीक. हिला जाऊन आठ महिने झाले, आणि शिलाईमशीनवर चादर घातली त्यालाही तेवढेच. दुकान बंद, रविवारची उपासनाही बंद, हे तुला ठाऊक आहेच. मागल्या गल्लीतला शिंपी महिन्याच्या चौथ्या शनिवारी मशीन घेऊन जाणार, असं बोलणं झालंय.

पण इथे काहीतरी शिजतंय. पंधरा दिवसांत चर्चच्या मंडळीतली सहा माणसं कपडे घेऊन आली, दारावरची पाटी उलटी असताना! नर्सबाई झगा घेऊन, सुतार सदरा घेऊन. सगळ्यांची काखेतली शिवण गेलेली. ताण पडून शिवण गेली की कापडातली सुईची भोकं ओढलेली दिसतात. ही पात्याने उसवलेली आहे. वर शेवटच्या टाक्याला गाठ, पुढे उसवू नये म्हणून! उसवणारा कधी गाठ मारतो का?

माझं दुकान चर्चच्या भिंतीला लागून, आणि मुलांच्या वर्गाला जागा अपुरी. म्हातारा कधी उठतोय ते बघायला येत असणार. त्यात पोस्टातला कारकून सगळ्यांत डांबिस. काही आणत नाही, बोलत नाही. रोज कामावरून येतो, बाकावर पाच मिनिटं बसतो आणि येतो म्हणून जातो. डोळ्यांनी खोलीची मापं घेत असेल.

लोभ या उसवाउसवीतही टिकावा.
तुझा भाऊ

ता. ९ मार्च

चि. शंकोबास,
अ. उ. आ.

लहानपणी डॉक्टरांची गोळी तू आधी मला चाटायला लावायचास. जित्याची खोड! अरे, तुझ्या टीचभर खोलीत वर्ग भरवला तर मुलं एकमेकांच्या डोक्यावर बसतील. त्यासाठी सहा जण कट कशाला करतील?

मुकाट्याने कपडे शिवून दे. नर्सबाईंच्या निळ्या झग्याला दोरा नीट जुळव, आणि मशीन द्यायची घाई करू नकोस.

माझा गुडघा अजून जिना उतरू देत नाही, नाहीतर येऊन तुझा कान धरला असता.
आक्का

ता. १५ मार्च

ती. आक्कास,
सलाम. वि. वि. थोडं, जाब जास्त.

झगा निळा आहे हे मी लिहिलं होतं कुठे? तुझं पत्र वाचलं आणि ती गाठ पुन्हा भिंगाखाली धरली. दुहेरी, आत वळवलेली. ती तूच मला शिकवलीस. नर्सबाईंना गाठून विचारलं. आधी लाजल्या, मग कबूल झाल्या. तू पत्रातून गाठीचं चित्र काढून पाठवलंस, आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून सहाही जणांचे चांगले कपडे उसवले. कशासाठी, तर मला मशीनवर बसवायला!

मी काय रुसलेलं पोर आहे? मला कीव नको. कपडे तसेच परत करतो, मशीन शनिवारी जातंय. त्या कारकुनालाही एखादा सदरा उसवून द्यायचा होता, म्हणजे नाटक पुरं झालं असतं.
तुझा भाऊ

ता. १९ मार्च

चि. शंकोबास,
अ. उ. आ.

पकडलंस. माफी मागते, पण पस्तावा नाही. माझे हात शिवण विसरले असं तू मागे लिहिलंस, तेव्हा मला भीती वाटली. माझ्याने येववत नाही, म्हणून माझ्या वाट्याचा धीर दुसऱ्यांच्या हाती पाठवला. एकमेकांना सावरायचं नाही, तर मंडळी म्हणवून घ्यायचं कशाला?

तुझ्या कारकुनाला मात्र मी ओळखतही नाही. त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

राग असला तरी पत्र धाड.
आक्का

ता. २५ मार्च

ती. आक्कास,
प्रभूत सलाम. वि. वि.

शनिवारी सकाळी कारकून पहिल्यांदाच पुडकं घेऊन आला. आत पँट. म्हटलं, आला हाही सोंगात! भिंग लावलं. ना पातं, ना गाठ. दोन्ही गुडघे विरून जाळी झालेली.

आक्का, सुताराची पँट गुडघ्याला झिजते, कारकुनाची बैठकीला. हा दिवसभर खुर्चीवर बसणारा. फौजदारासारखं विचारलं, घरी फरशी पुसता का, बाग करता का? नाही म्हणाला. मग खाली बघत म्हणाला की माझ्यासमोर बसून त्याला काही बोलायला सुचत नाही, म्हणून जे बोलायचं ते तो घरी जाऊन देवाशी बोलतो. हिच्या आजारपणापासून.

मला रडू आलं. हिला पोचवून आलो तेव्हाही आलं नव्हतं.

शिंपी आला तेव्हा मशीन चालू होतं. त्याला रिकाम्या हाती परत पाठवलं. कारकुनाच्या गुडघ्यांना आतून दुहेरी ठिगळ लावलंय, अजून बरीच वापरायची आहे म्हणाला. ते सहा कपडेही शिवून टाकले. रविवारी उपासनेला मागच्या बाकावर त्याच्याशेजारी बसलो. संशय पुरता गेला असं मात्र समजू नकोस. नर्सबाई माझ्याकडे बघून हसल्या, त्यात मला तुझा हात दिसला.

घरी येऊन स्वतःची पँट उजेडात धरली. बैठक विरून आरपार दिसतंय. गुडघे मात्र कोरे करकरीत.

लोभ आहे, तो असाच राहू दे.
तुझा शंकोबा